पाताळशेठची एक बोअर

गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराखाली पाताळशेठने भोक पाडलेलं होतं. बोअर मारणं हा त्याचा धंदा. यंत्राच्या धडधडाटाने कान गेलेले, त्यामुळे लाडाचं बोलणंही तो भांडल्यासारखं करी. शहराला पाणी लांबच्या धरणातून यायचं, म्हणजे मर्जी असली तर यायचं. मग कुणीतरी खोल बोअर घेई, शेजाऱ्याची उथळ बोअर आटे आणि शेजारी पाताळशेठला बोलावी. गिऱ्हाइकाच्या शोधात त्याला कधी वणवण करावी लागली नाही. एक काम दुसऱ्याला जन्म देई.

त्याची बहीण याच गल्लीत दिलेली. लग्नात त्याने तिला दागिना न देता बोअर मारून दिली. ‘ही मोडून खाता येणार नाही,’ असं वर सुनावलंही.

पलीकडच्या निवृत्त कारकुनाकडे त्याचं यंत्र लागलं, तेव्हा बहीण कुंपणाच्या भिंतीशी आली.

“दादा, माझ्या पाण्याला धक्का लागणार नाही ना?”

“वेडी का काय! त्याचं पाणी वेगळं, तुझं वेगळं. मधे भिंत आहे की!”

भिंत कमरेएवढी होती.

यंत्र सुरू झालं. दाबाची हवा खाली घुसली, दगडाची राखाडी भुकटी वर उडाली. त्याच वेळी बहिणीचा नवरा न्हाणीघरात तोंडाला साबण लावून बसला होता. नळाने आधी उचकी दिली, मग फुरफुरला आणि मग चिखलाची पिचकारी थेट त्याच्या तोंडावर मारली. टॉवेल सावरत तो अंगणात आला. भिंतीपलीकडे पाताळशेठ उभा होता, तोही नखशिखान्त त्याच रंगाचा.

“शेठ, तुमची हवा आमच्या न्हाणीत येऊन गेली!”

“काय म्हणालात दाजी? ऐकू येत नाही!” अडचणीच्या वेळी त्याचे कान अगदीच कामातून जात.

बहीण भिंत ओलांडून आली आणि तिने यंत्रच बंद केलं. गल्ली चिडीचूप. आसपासच्या खिडक्यांत डोकी जमली.

“आता ऐकू येतंय? पाणी एकच आहे की नाही?”

पाताळशेठने मान पुसली, भुकटी झटकली, दाजींच्या तोंडाकडे पाहिलं.

“एकच आहे,” तो म्हणाला, तेही नेहमीच्या आवाजात.

“मग आमची बोअर आटवली कुणी?” समोरच्या खिडकीतून विचारणा झाली.

पाताळशेठने गाशा गुंडाळला. कारकून मात्र हटला नाही. “तुम्ही नाही तर दुसरा,” म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याकडून आणखी खोल बोअर मारून घेतली. बहिणीचा नळ नुसते सुस्कारे टाकू लागला.

तिने रबरी पाइप आणला, भिंतीवरून टाकला आणि कारकुनाच्या नळाला जोडला.

“अहो, हे काय चाललंय?” तो कडाडला.

“पाणी एकच आहे. सगळ्या गल्लीने ऐकलंय.”

खिडक्यांतून माना डोलल्या. समोरची बाई तर बादली घेऊन खाली उतरलीसुद्धा.

जोड गळत होता. संध्याकाळी पाताळशेठ पाना घेऊन आला, त्याने तो आवळून दिला आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं बहिणीला विचारलं, “काय गं, धार बरी आहे ना?”