मधली मूठ

आज सकाळीही मी तो आकडा बघितला. बेळगावजवळ मच्छेला आमचा कारखाना, आठची पाळी. बसमध्ये बसायला जागा मिळाली की माझा अंगठा आपोआप त्या ॲपवर जातो. आकडा जागेवर होता. कालच्यापेक्षा थोडा वरच होता. ते पैसे माझ्या आक्काचे, आणि त्यातला एक रुपयासुद्धा आता तिला मिळणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. तिचा सगळा जन्म निपाणीत प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाली तेव्हा जी एकरकमी पुंजी हातात आली ती तिनं माझ्या हवाली केली. मागणं फार नव्हतं. गुडघे गेलेले, भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. बेळगावात माझ्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच. बँकेचं व्याज घेऊन काय करणार, असं तिला मीच म्हणालो. मी दर्जा तपासणीच्या खात्यात आहे. दुसऱ्यांच्या मालातले दोष काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. क्रिप्टोवरचे व्हिडिओ तर मी वर्षभर बघितले होते.

"तुला कळतंय न्हवं ह्यातलं?" तिनं एकदाच विचारलं.

"व्हय की," मी म्हणालो.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, तंबाखूचे व्यापारी. सगळा माल एका वखारीत ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. आग लागली, ओल आली, तर एकच वखार जाते. तो नियम मी इमानानं पाळला. आक्काच्या पैशांचं क्रिप्टो घेतलं आणि ते सात वेगवेगळ्या डिजिटल पाकिटांत विभागून ठेवलं. प्रत्येक पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ते मी सात चिठ्ठ्यांवर लिहून सात जागी लपवले. एक विम्याच्या फाइलीत, एक देव्हाऱ्याखालच्या खणात, एक बायकोच्या शिलाईच्या डब्यात, आणि अशाच बाकीच्या. अण्णा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती असं मला वाटायचं.

पण सात वखारींवर लक्ष ठेवायचं म्हणजे सात ठिकाणी हिंडणं आलं. रविवारी आक्काकडे गेलो की ती विचारायची, "हाय न्हवं सगळं जागेवर?" मी एकेक पाकीट उघडून बेरीज करेपर्यंत भाव बदललेला असायचा. म्हणून मी एक ॲप शोधलं. सगळी पाकिटं एकाच पडद्यावर, आणि भाव क्षणाक्षणाला ताजा. त्या ॲपनं बारा-बारा शब्द मागितले. नुसतं बघायला पाकिटाचा पत्ता पुरतो, किल्ली लागत नाही. हे मला माहीत होतं, व्हिडिओत दहादा ऐकलं होतं. तरी श्रावणातल्या एका दुपारी मी सातही चिठ्ठ्या काढल्या आणि चौऱ्याऐंशी शब्द एकेक करून, नीट तपासून भरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

दुसऱ्या दिवशी सातही पाकिटं रिकामी होती. ते ॲपच चोराचं होतं. त्यानं सगळं उचलून एकाच पत्त्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि या व्यवहारात तो पत्ता कुणालाही उघडून बघता येतो. चोराचं कपाट काचेचं असतं. आपली वस्तू आत दिसते, हात घालता येत नाही. मी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी कन्नडमधून शांतपणे विचारलं, शब्द तुम्ही स्वतःच भरलेत का? मी हौदु, म्हणजे हो, म्हणालो. त्यांनी तक्रारीवर शिक्का मारून पोच माझ्या हातात दिली.

"आत्ताच्या आत्ता आक्कांना सांगा," बायको म्हणाली. रविवारी सांगतो म्हणालो.

त्या रविवारी निपाणीच्या बसमध्ये मी एक खरं ॲप घेतलं आणि त्यात चोराचा पत्ता घातला. बेरीज तीच आली. आक्कानं दार उघडता उघडता नेहमीचं विचारलं, मी फोन पुढं केला. "सगळं एका जागी आणलंय बघ." यात खोटं काय आहे, असं मी स्वतःलाच विचारत होतो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच केलं.

मग सवय झाली. भाव पडला की मी ताटाशेजारी फोन ठेवून जेवायचो. चोर विकत नव्हता, याचं मला बरं वाटायचं. धीराचा माणूस आहे, असं चक्क मनात यायचं. हे वेड आहे हेही कळत होतं. भाऊबीजेला भाव चांगलाच चढला. आक्कानं ओवाळलं, मी ताटात पाचशेची नोट टाकली आणि वर फोन धरला. "ही खरी ओवाळणी, आक्का." तिनं चष्मा लावून आकडा वाचला, माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "लई केलंस रं," म्हणाली.

गेल्या महिन्यात ती बेळगावच्या खडेबाजारात कापड घ्यायला आली होती, तेव्हा घरांच्या एजंटाला गाठून परस्पर जागा बघून गेली. त्या रविवारी मी निपाणीला पोचलो तर तिनं त्या दोन खोल्यांचा नकाशा पेन्सिलीनं काढून ठेवला होता. देवघर कुठं, खाट कुठं. "गुरुवारी इसार द्यायचाय."

"आत्ता नको काढायला. भाव चढतोय," मी म्हणालो.

"सगळं नको. हजार रुपये काढून दाव."

"हजारानं काय होतंय?"

"अण्णा काय करायचे आठवतंय का?"

आठवत होतं. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल लावतात, म्हणून अण्णा कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि मधली मूठ बाहेर काढून वास घ्यायचे. त्याशिवाय त्यांनी कधी सौदा केला नाही.

"हितं रेंज न्हाय," मी म्हणालो.

"गॅलरीत जा. तिथं येती."

मी गॅलरीत गेलो. रेंज चांगली होती. आकडा हिरवा होता. खाली रस्त्यावर कोल्हापूरची बस जाईपर्यंत उभा राहिलो आणि आत आलो.

"रेंज हाय आक्का. पैसं न्हाईत."

तिनं नकाशाची घडी घातली. "कधीपास्नं?"

"श्रावणापास्नं."

तिनं त्या घडीवरून नख फिरवलं. मला वाटलं, आता पैशाबद्दल विचारेल.

"म्हंजे भाऊबीजेच्या आदीच गेलंवतं," ती म्हणाली. "आणि मी तुझी दृष्ट काढली रं त्या दिवशी."