रात्री झोप लागते का?

नळाला पाणी आलं होतं आणि ह्यांचा डबा भरायचा होता, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. दारात सकुबाई. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून पहिल्या जीपने ती शहापूरला येते, पण एरवी आधी बाजारात बसते आणि उरलेलं आमच्याकडे आणते. आज वालाच्या शेंगांची पाटी भरलेलीच होती.

"वरची पोरगी हाय का?" तिने विचारलं.

वरची पोरगी म्हणजे काजल, आमची भाडेकरू, मूळची मुरबाडची. पाड्यापाड्यांतून लोकांच्या आरोग्याची पाहणी व्हायची होती, तिचे प्रश्न तयार करायचं काम तिच्या संस्थेने तिला दिलेलं. दिवाळीनंतर ती ओट्याशी उभी राहून मला ते मोठ्याने वाचून दाखवायची. 'गेल्या पंधरा दिवसांत आपणास निद्रेविषयी काही तक्रार जाणवली का?' मी म्हटलं, असं विचारलंस तर माझीसुद्धा झोप उडेल. मग प्रश्न आधी कुठेतरी विचारून बघायचं ठरलं, तेव्हा मीच तिला सकुबाईच्या पाड्यावर घेऊन गेले.

ओटीवर नाचणी पाखडता पाखडता सकुबाईने खोकला, पाणी, चूल, गुडघे, सगळ्याची उत्तरं झटपट दिली. वर काजललाच, तुझं लग्न कधी, म्हणून विचारलं. झोपेचं तेवढं तिला कळलं नाही. काजलने तो प्रश्न खोडला आणि साधंच विचारलं, रात्री झोप लागते का? सकुबाईच्या हातातलं सूप थांबलं. ते बाजूला ठेवून म्हणाली, "ह्ये कदी कुनी इचारलं नव्हतं." आणि मग हिरीबद्दल बोलत राहिली.

हिरी तिची एकुलती एक लेक. नवरा लवकर गेला. दुसऱ्यांच्या शेतावर भात लावून, रानभाजी विकून सकुबाईने तिला वाढवलं. हिरीने आपल्या मनाने लग्न केलं, सकुबाई नको ते बोलली, आणि पोरगी नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली ती गेलीच. पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या की बाकीची माणसं पाड्यावर परततात. हिरी सासरच्या गावी जाते. गेल्या वर्षी सकुबाई तांदळाच्या भाकरी बांधून भट्टीवर जाऊन आली. हिरी विटा थापत राहिली, मान वर केली नाही. भाकरी परत आणल्यास का, असं मी विचारलं होतं. "नाय. तिच्या झोपडीच्या दारात ठेवल्या. तिनं खाल्ल्या का कुत्र्यानं, देवाला ठाव."

मी हाक मारली तशी काजल केस विंचरत खाली आली. सकुबाईने आधी तिला फैलावर घेतलं. खऱ्या पाहणीची माणसं शेजारच्या पाड्यांवर जाऊन आली, हिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. "आमच्याकडं मीठ चाखून बघितलं, नि पंगत दुसरीकडं बसवली." काजल हसली. जिथे प्रश्न तपासून घेतो तिथे खऱ्या पाहणीला जात नाही, तसा नियमच असतो, असं तिने समजावलं. सकुबाईला ते पटलं नसावं, पण तिने ताणलं नाही. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. भट्ट्यांवर जाणार का?

जाणार होते. पुढच्याच आठवड्यात, काजल स्वतः. तिथल्या सगळ्याच बायांना विचारायचं होतं.

सकुबाई पाटी उतरवून पायरीवर टेकली. हिरीची भट्टी कोणती, झोपडी कुठल्या अंगाला, सगळं तिने नीट सांगितलं. काजल अवघडली. कुणा एकीसाठी वेगळं काही विचारता येत नाही, म्हणाली, निरोपही नेता येत नाही. आणि कुणी काय उत्तर दिलं ते बाहेर सांगायचं नाही, अगदी आईलाही नाही. पोळ्या तशाच राहिल्या होत्या, पण माझा पाय आत वळेना.

"निरोप नको," सकुबाई म्हणाली. "मी इचारलं तर ती बोलत नाय. तू परकी, तुला सांगल. तो झोपेचा सवाल हाय ना कागदावर?"

"आहे."

"तो तिला इचार. घाईत नको, जवळ बसून इचार. जबाब मला सांगू नको, गो. तिला कुनीतरी इचारलं पायजे, येवढंच."