तुऱ्यांवरची नजर

गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत मी शोभेचं गवत लावलंय. माझ्या सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या, तेव्हापासून त्या कुंडीसमोर खुर्ची टाकून बसतात. जन्मभर त्यांनी रानात खुरपणी केली. “हे विकत आणलंस?” एवढंच एकदा विचारलं.

गेल्या महिन्यात गवताला गुलाबीसर तुरे आले. ऊन तिरपं झालं की तुऱ्यांची सावली भिंतीवर हलायची. एकीनं उपटून बांधावर फेकायचं, दुसरीनं कौतुकानं पाणी घालायचं. गवताला यातलं काय कळत असेल?

पण रोज एकदोन तुरे कमी दिसू लागले. माझा संशय सरळ सासूबाईंवर गेला. चहा देतानाही मी त्यांच्या बोटांकडे बघायचे. नखांत माती आहे का, ते शोधायचे.

आज त्या सापडल्या. पिकलेला तुरा अलगद खुडून पदरात बांधत होत्या.

“बी सुटलं की वाऱ्यानं दुसऱ्याच्या रानात जातंय,” त्या म्हणाल्या. “तिथल्या बायांनी किती खुरपायचं?”

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. लांबवर नुसत्या इमारती होत्या. मग मीही एक पिकलेला तुरा खुडला आणि त्यांच्या पदरात टाकला.