चॉकलेटच्या कारंज्यात पाणी

आमची ताई भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावरही म्हणते, तेव्हा इथं म्हणायला हरकत नाही. घराला कुलूप लावलं की तीन वेळा ओढून बघणार, जिना उतरणार, परत चढून चौथ्यांदा ओढणार. मी चाळिशी ओलांडली तरी रस्ता ओलांडताना माझा हात धरणार. आणि असल्या बाईनं धंदा काढावा तो कसला? लग्नाच्या रिसेप्शनला चॉकलेटचं कारंजं लावायचा! गरम चॉकलेट, विजेची वायर, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि साखर खाऊन उधळलेली पोरं. भ्यायला काही कमी पडायला नको ना.

त्याआधी बारा वर्षं ती एका शाळेच्या कँटीनमध्ये होती. तिथं एका मुलीनं मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्कीट खाल्लं. त्यात शेंगदाण्याचा कूट होता, आणि तो तिला चालत नव्हता. ताईच्या डोळ्यांदेखत त्या पोरीचे ओठ सुजले, श्वास घुरघुरायला लागला. पोर वाचली, पण ताईच्या मनातून ते गेलं नाही. म्हणून कारंज्याच्या टेबलावर तिच्या हातची पाटी असतेच: ‘यात शेंगदाणा नाही.’

दुसरी भीती पाण्याची. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं तरी त्याच्या गुठळ्या होतात, ओल्या वाळूसारखं होऊन बसतं आणि यंत्र करकरायला लागतं. त्यामुळे एकेक स्ट्रॉबेरी ती फडक्यानं टिपते. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायची कुणाची बिशाद नाही. एकदा तर चक्क नवरदेवाला म्हणाली, “आधी तो ग्लास उचला.”

चॉकलेट घट्ट असलं तर मात्र तेल घालून पातळ करावं लागतं, तरच त्याचा पडदा एकसारखा पडतो. ते सूर्यफुलाचं तेल ती घरूनच नेते, वेगळ्या बाटलीत. बाटली भरायचं काम माझं.

त्या दिवशी रिसेप्शन दुपारचं होतं आणि मला घाई होती. बाटली दोन बोटं कमी भरली आणि सूर्यफुलाचा डबा संपला. शेजारी आमच्या ह्यांनी हौसेनं आणलेलं घाण्याचं शेंगदाणा तेल होतं. ओतलं मी त्यातलं. खरं सांगते, डोक्यात दुसरं काही आलंच नाही. उलट बाटली गळ्यापर्यंत भरली म्हणून बरंच वाटलं.

हॉलवर चॉकलेट गोळे गोळे पडायला लागलं. ताईनं अर्धी बाटली रिकामी केली, तसा पडदा गुळगुळीत झाला. “बघ, आता कसं पडतंय!” ती म्हणाली. कामावर असताना ती सहसा हसत नाही. तेव्हा हसली.

इतक्यात नवरीची मोठी बहीण आली. हाताशी पिवळ्या फ्रॉकमधली सहाएक वर्षांची मुलगी.

“माझ्या मुलीला शेंगदाणा अजिबात चालत नाही हो. कणभरसुद्धा नाही.”

“अगदी निर्धास्त राहा,” ताई पाटी दाखवत म्हणाली. “तेलसुद्धा मी घरून आणते.”

त्या बाईनं मुलीचा हात सोडला, तिला रांगेत उभं केलं आणि ती फोटोसाठी स्टेजवर गेली.

तो डबा, ती धार, सगळं डोळ्यांसमोर आलं. पिवळ्या फ्रॉकपुढं चार मुलं होती. दोनच बोटं तर होतं, मी मनाशी म्हटलं. त्यातलंही अर्धंच ओतलंय. एवढ्यानं काय होणार? तीन मुलं राहिली. आता बोलले तर ताईची पाटी खोटी ठरणार, शंभर माणसांसमोर. दोन राहिली. लाज वाटते सांगायला, पण मी गप्प उभी होते. त्या पोरीनं काडीला टोचलेली स्ट्रॉबेरी पडद्याखाली धरली, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

“ताई, त्या तेलात शेंगदाण्याचं तेल आहे. मी घातलंय.”

ताईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं मुलीच्या हातातली काडी हिसकावली. पण मागची पोरं काड्या पुढं करतच होती, एकानं तर बोटच घातलं. मग ताई शेजारच्या टेबलाकडं धावली, पाण्याचा जग उचलला आणि अख्खा कारंज्यात ओतला. यंत्र करकरलं, पडदा फाटला, गुठळ्या टेबलभर उडाल्या. आता ते कुणीही तोंडात घातलं नसतं.

“हिच्या आईला बोलवा! डॉक्टर कुणी आहे का?” ताई ओरडली. तिचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

मुलगी भोकाड पसरून रडत होती. हनुवटीवर चॉकलेटचा एक ठिपका होता. तोंडात गेलं की नाही, कुणालाच सांगता येईना. आईनं पर्समधून ॲलर्जीचं इंजेक्शन काढून हातात तयार धरलं. पाहुण्यांतले एक डॉक्टर घड्याळ लावून बसले. आणि ताई त्या मुलीसमोर जमिनीवर बसली, तिच्या ओठांकडं बघत. पापणी लवत नव्हती तिची. मी मागं उभी राहून मनात एकच घोकत होते, सुजू नकोस, सुजू नकोस. अर्धा तास गेला. काही झालं नाही. मुलगी कंटाळून म्हणाली, “मला आइसक्रीम हवंय.”

मग नवरीची आई ताईवर तुटून पडली. भर समारंभात तमाशा, टेबलाचा उकिरडा, पाटीवर धडधडीत खोटं! ताई म्हणाली, “चूक माझी. बाटली मी तपासायला हवी होती.” मी शेजारीच होते. तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पंधरा दिवस गेले. मग पुढच्या लग्नाच्या सकाळी तिनं रिकामी बाटली आणि सूर्यफुलाचा नवाकोरा डबा माझ्यासमोर ठेवला.

“भर.”

“अगं, आता तरी तूच भर ना,” मी म्हटलं. “माझा काय भरवसा?”

“इतकी वर्षं मी एकटीच भीत होते,” ती म्हणाली. “आता तूही भितेस.”

मी बाटली भरली. तीन वेळा वास घेतला. चौथ्यांदा घेतला तेव्हा ताई हसली नाही.