गिरणी बंद, कादंबरी चालू

सन १९७४. माझं वय अठ्ठेचाळीस. शाळा तिसरीतच सुटलेली, आणि कादंबरी शेवटाला येऊन अडलेली.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझी पिठाची गिरणी होती. सोमवारी सुट्टी. त्या दिवशी गिरणीचा पट्टा थांबतो आणि यांचं डोकं फिरायला लागतं, असं बायको म्हणायची. सकाळी लिहायचं आणि दुपारी गिरणीच्या ओट्यावर बसून ते लोकांना वाचून दाखवायचं, हा माझा नेम. दारावर 'आज गिरणी बंद आहे' अशी पाटी असायची. तिच्याखाली मी खडूनं लिहिलं, 'कादंबरी चालू आहे'. लोक हसले. हसू देत की. हसायला थांबलेला माणूस बसतो आणि बसलेला माणूस ऐकतो.

बाकीचे दिवस जाहिरात चालायचीच. दळण घेऊन आलेल्यांना मी पट्ट्याच्या आवाजावर ओरडून सांगायचो, "बाप परत निघालाय! सोमवारी या!" एक नवी सून तर डबा तिथंच टाकून घरी पळाली. तिला वाटलं, तिचाच बाप वैरागहून निघाला. तिनं जादा भात टाकलासुद्धा.

तो बाप माझ्या कादंबरीतला. रागानं घर सोडून गेलेला, लई वर्षांनी परत येऊन अंगणात उभा राहिलेला. उंबऱ्यात लेक. ती त्याला घरात घेते का नाही, इथं माझं घोडं अडलं होतं. त्यात छापखानावाल्यानं निक्षून सांगितलं, "मंगळवारी सकाळी शेवट हातात पाहिजे. नाहीतर लग्नपत्रिकांचं काम सुरू होतंय. मग तुमची कादंबरी पावसाळ्यानंतर."

मी तडक येऊन पाटीवर लिहिलं, 'येत्या सोमवारी शेवट'. खडूचं पुसता येतं हो, पण पेठेनं वाचलेलं कसं पुसणार?

त्या सोमवारी ओटा भरला. पुढं पेन्शनीत निघालेले मास्तर, माझं शुद्धलेखन तेच तपासायचे. शेवट भव्य पाहिजे, लेकीच्या तोंडी भाषण पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी तीन पानांचं भाषण लिहून ठेवलं होतं. कडेला भिंतीला टेकून अव्वा. ही अक्कलकोटकडची कानडी म्हातारी, लेकाकडं राहायला आलेली. बोललेलं मराठी तिला कळायचं, वाचता येत नव्हतं. त्यामुळं पाटी तिच्या उपयोगाची नव्हती. दर सोमवारी ती ज्वारीचा डबा घेऊन यायची, बंद दार बघून मला कानडीत चार शब्द ऐकवायची आणि आलेच आहे तर म्हणून बसायची. अशी तिनं सगळी कादंबरी ऐकली होती.

मी वाचत वाचत अंगणापर्यंत आलो. "लेकीनं पदर सावरला. बापाकडं बघितलं. आणि हाक मारली, बा!"

पाणी प्यायला म्हणून मी थांबलो.

"बा अंदळु!" अव्वानं मांडीवर थाप मारली. डोळे पुसले आणि डबा उचलून उठलीच.

"अव्वा, बसा की. अजून तीन पानं हायत."

"आता कशाला? पोरगी ये म्हणली. बाप आत आला. संपलं की."

"ये कुटं म्हणली?"

"बा म्हणली न्हवं?"

मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, "आजी, बा म्हणजे वडील."

"तुमच्यात वडील. आमच्यात ये." ती माझ्याकडं वळली. "आन् काय रं, बाप दारात हुबा आन् ही तीन पानं बोलती? उनात मरंल की त्यो!"

सगळा ओटा हसायला लागला. आतनं बायको म्हणाली, "अवो, वाचा की तेवढी तीन पानं. म्हातारा उनात हाय, जरा बेगीनं वाचा."

मला असा राग आला म्हणता! कादंबरी माझी, आणि शेवट ही म्हातारी करणार? मी हट्टानं तिन्ही पानं वाचली, खड्या आवाजात. लोक एकेक करून उठले. शेवटी मास्तर तेवढे उरले. "भाषण उत्तम उतरलंय," म्हणाले. पण वाचताना माझं मलाच दिसत होतं, लेक बोलतीय, बोलतीय, आणि म्हातारा अंगणात ह्या पायावरून त्या पायावर होतोय.

मास्तर गेल्यावर बायकोनं चहा आणला. "झाला का शेवट?"

"झाला."

"कुठला? तुमचा का अव्वाचा?"

"माझा," मी म्हणालो, आणि तिन्ही पानं तिच्या हातात दिली. तिनं ती तशीच चुलीत सारली.

आजही सांगतो, शब्द माझाच होता. अव्वानं तो दोन्ही भाषांत ऐकला, एवढंच. सोलापुरात लेखकानं तेवढं धरूनच चालायला पाहिजे, हे मास्तरांच्या शाळेत शिकवत नसावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणी उघडायच्या आधी, मी छापखान्यात गेलो. मालकानं शेवटचं पान उलटं-सुलटं करून बघितलं.

"पुढचं पान घरी राहिलं वाटतं?"

"काही राहिलं नाही."

"मग हे बा म्हणजे काय? वडील, का ये?"

"तुम्ही सोलापूरचेच ना? मग छपाईचे खिळे जुळवा."

तो गालात हसला. मी परत आलो, पाटी पुसली आणि लिहिलं, 'कादंबरी संपली, गिरणी चालू'. अव्वा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलीच होती. मी दार उघडलं आणि म्हणालो, "बा, अव्वा." पहिलं दळण तिचं टाकलं.