लालूभाईंचा विमानाचा सौदा

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात लालमहंमद शेख यांना सगळे लालूभाई म्हणत. म्हशींची दलाली हा त्यांचा धंदा आणि न हलणं ही त्यांची ख्याती. समोरचा माणूस रडो, हसो, लेकराबाळांच्या शपथा घेवो, लालूभाई तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेत आणि म्हणत, "बघू." त्या एका शब्दानं भलेभले घायकुतीला येत. धार काढून बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला विसार दिला नाही. आणि एकदा विसार दिला, म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे समोरच्याच्या हातावर ठेवले, की मग काही होवो, शब्द मागे घेतला नाही.

अशा माणसाची मुलगी पायलट झाली. फरहीन दोन वर्षं पंख्याचं विमान चालवत होती, सत्तर माणसांचं, छोट्या छोट्या गावांना जाणारं. मग एके दिवशी कंपनीनं सगळी विमानं जागच्या जागी उभी केली आणि माणसांना घरी पाठवलं. फरहीन घोडेगावला आली, गणवेश कपाटात टांगला आणि गच्चीवर फेऱ्या मारायला लागली. वरून विमान गेलं की ती मान वर करायची नाही, नुसत्या आवाजावरून सांगायची कुठलं आहे ते. आईला ते बघवायचं नाही.

गावात मग सल्ल्यांना ऊत आला. विमानाच्या प्रत्येक जातीला वेगळं शिक्षण लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, एवढं एव्हाना अख्ख्या गावाला पाठ झालं होतं. नोकरी असताना ते कंपनी करून देते. नोकरी गेलेले पायलट आता ते पदरच्या पैशानं घ्यायला लागले होते, विशेषतः एअरबसचं, कारण मोठ्या कंपन्यांकडं तीच विमानं जास्त.

"घेऊन टाका," दूध डेअरीचा गोरक्ष ओट्यावर बसून म्हणाला. "आमच्या भाच्याला जेसीबी येत हुता. त्यानं पोकलेन शिकून घेतलं. आता दोन्हीकडून बोलावणं येतंय."

"आन पोकलेनवाल्यानं बोलावलंच न्हाई तर?" लालूभाईंची बायको मेहताब आतून म्हणाली.

गोरक्षला चहा संपवण्याची घाई झाली.

फरहीनचं म्हणणं आईसारखंच होतं. "अब्बा, शिकले तरी त्या विमानावरचा अनुभव कुठून आणू? कंपन्या आधी तेच विचारतात. त्यापेक्षा माझं आहे ते रेटिंग जिवंत ठेवायला हवं. त्याची परीक्षा द्यायची मुदत जवळ आलीय. हैदराबादला जाऊन तेवढी देते."

"त्याच ठिकाणी एअरबसबी हाय ना? मग दोन्ही बघू," लालूभाई म्हणाले. "माल बघितल्याबिगर मी बोलत न्हाई. मीबी येतो."

मेहताबनं बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. नवऱ्याची तिला काळजी नव्हती. ज्याला बाजारात कुणी गुंडाळू शकलं नाही, त्याला हैदराबाद काय गुंडाळणार?

हैदराबादला उतरल्या उतरल्या लालूभाईंचा पहिला तोल गेला. इथं रिक्षावाला, चहावाला, फाटकावरचा रखवालदार, सगळे त्यांच्या घरच्यासारखीच दखनी उर्दू बोलत होते. रखवालदारानं 'नक्को' म्हणून त्यांना अडवलं तेव्हा त्यांना आपल्या आतेभावानं अडवल्यासारखं वाटलं आणि त्यांनी त्याला भाकरी खाऊ घातली. प्रशिक्षण केंद्राच्या दारातून आत शिरताना ते आधीच अर्धे पाघळलेले होते.

आत एअरबसचा सिम्युलेटर होता. लोखंडी पायांवर उभी असलेली एक पांढरी बंद खोली. तिच्या आत विमानाचं पुढचं तोंड जसंच्या तसं, काचेबाहेर धावपट्टीसुद्धा. शिकवणारे कॅप्टन राव हे पिकल्या मिश्यांचे, मोकळ्या स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी फरहीनला उजव्या खुर्चीत बसवलं आणि लालूभाईंना म्हणाले, "चाचा, तुम्ही डावीकडं बसा. कॅप्टनची जागा आहे."

धावपट्टी पळायला लागली. लालूभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं. खोली मागं कलली, दिवे खाली गेले आणि लालूभाईंनी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग फरहीन म्हणाली, "अब्बा, ती बाजूची दांडी धरा. हळूच."

दांडी एवढीशी होती, चमच्याएवढी. लालूभाईंनी बोट लावलं आणि सगळं हैदराबाद तिरकं झालं. त्यांनी घाईनं उलट ढकललं, तर हैदराबाद दुसरीकडं तिरकं झालं. आणि लालूभाई हसायला लागले. बाजारात ज्यांच्या ओठाची कड कधी हलली नव्हती ते गृहस्थ गुदगुल्या केल्यासारखे खिदळत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शहर त्यांच्या हाताखाली झोके घेत होतं. शेजारी फरहीन हसत होती. हसता हसता तिचे हात राव सांगतील तसे बटणांवरून फिरत होते, एकही न चुकता. आठ महिन्यांत घरात न दिसलेलं तोंड होतं ते. लालूभाईंनी ते बघितलं, आणि त्यांच्यातला दलाल तिथंच खुर्चीत राहिला. बाहेर आला तो फक्त बाप.

फरहीन रावांशी बोलत थांबली तोवर ते काउंटरवर गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, एअरबसच्या या बॅचमध्ये एकच जागा राहिलीय."

एकच राहिलीय. हे वाक्य लालूभाईंनी स्वतः आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. तरी त्यांना घाई सुटली. सवयीनं त्यांनी खिशातला रुमाल काढून हातावर टाकला आणि त्याखालून हात पुढं केला, बाजारात बोटं दाबून भाव ठरवतात तसा. बाईंना वाटलं हस्तांदोलन करायचंय. त्यांनी रुमालासकट हात हातात घेऊन जोरात हलवला. हात मिळाला म्हणजे सौदा झाला. लालूभाईंनी फोन काढला, काउंटरवरचा कोड स्कॅन केला आणि विसार देऊन मोकळे झाले. पुढची रक्कम आठवड्यात भरायची होती. तेवढ्या पैशांत बाजारातली म्हशींची अख्खी रांग आली असती.

कॅन्टीनमध्ये त्यांनी फरहीनसमोर चहा ठेवला. "मुबारक बेटा. जागा धरली."

फरहीननं कप खाली ठेवला. "कशाची?"

"एअरबसची. एकच हुती."

तिनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "अब्बा, तुम्ही तर बघायला आला होतात."

"बघितलं की. तुझं तोंड बघितलं मी आतमंदी."

"तोंड विमानामुळं फुललं. एअरबसमुळं नाही. खाटेला पंखा बांधून बसवलं असतं तरी फुललं असतं." तिला रागवायचं होतं, पण मघाचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. "रेटिंग विकत घेऊन घरी बसलेले कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. शिकून नुसतं बसलं तर तेही विसरतं. मी जाऊन पैसे परत मागते."

"ते न्हाई जमायचं," लालूभाई म्हणाले. आवाज पडला होता. "विसार दिलाय, बेटा."

शेजारच्या टेबलावर एक तरुण फोनवर बोलत होता. "आई, लई वैताग आलाय. जागाच न्हाई म्हणत्यात."

फरहीननं मान वळवली. "समर्थ?"

समर्थ तिच्याच बंद पडलेल्या कंपनीतला, श्रीगोंद्याकडच्या काष्टीचा. खुर्ची ओढून तो त्यांच्यात आला आणि सगळं सांगून मोकळा झाला. एका मोठ्या कंपनीनं त्याला निवडलं होतं. अट एकच, दिवाळीच्या आत एअरबसचं रेटिंग घेऊन ये. वडिलांनी आणि काकांनी मिळून पैशांची सोयही केली होती.

"सकाळपर्यंत एक जागा हुती म्हणं," तो म्हणाला. "मगाशी कोण येडं आलं आन घेऊन गेलं. पुढची बॅच दिवाळीनंतर."

लालूभाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"येडं मीच," लालूभाई म्हणाले.

समर्थ ताडकन उठला, मग बसला, मग कान धरून माफी मागायला लागला. फरहीन टेबलावर डोकं टेकून हसत होती, खांदे हलत होते नुसते. लालूभाईंच्या अंगात मात्र दलाल परत शिरला होता. ते ताठ बसले.

"सौदा मोडायचा न्हाई," ते म्हणाले. "पलटवायचा. बाजारात उभ्या उभ्या दुसऱ्याच्या नावावर करतो तसा. माझा शब्द राहतो, ह्याची जागा राहते."

"पण फरहीन, तुला नको?" समर्थनं विचारलं.

"तुझ्या हातात नोकरी आहे, म्हणून तू घे," ती म्हणाली. "माझ्या हातात आली की मीही घेईन. आधी नाही."

काउंटरवरच्या बाई आधी नाही म्हणाल्या. कॅप्टन राव मध्ये पडले. जागा भरलेली राहणार आणि दिलेले पैसे केंद्रातच राहणार, हे कळल्यावर बाईंनी जागेवरचं नाव बदललं. लालूभाईंचा विसार फरहीनच्या जुन्या रेटिंगच्या परीक्षेच्या फीमध्ये वळता झाला. समर्थकडून दलाली म्हणून त्यांनी तिघांसाठी बिर्याणी वसूल केली.

दुसऱ्या दिवशी फरहीननं पंख्याच्या विमानाची परीक्षा दिली. लालूभाई बाहेर रखवालदाराला घोडेगावच्या म्हशी समजावून सांगत होते, पण कान आत होते. ती घामानं भिजून बाहेर आली, म्हणाली, "झालं, पास," आणि पायऱ्यांवर बसून उरलेली भाकरी चटणीला लावून खाल्ली.

पुढचे दिवस काही सरळ गेले नाहीत. अर्ज गेले, उत्तरं आली नाहीत. समर्थनं नव्या गणवेशातला फोटो पाठवला, त्या दिवशी फरहीन पुन्हा गच्चीवर फेऱ्या मारत राहिली. आपण त्या दिवशी जागा सोडली ती चूक तर नाही झाली, असं लालूभाईंना वाटून गेलं. मेहताबजवळ ते एकदा बोललेही.

"पोरीला माहीत हाय ती काय करती ते," मेहताब म्हणाली. "तुमचं तुमाला माहीत नव्हतं."

घरी बसून कंटाळा येतो म्हणून फरहीन शुक्रवारी वडिलांचा टेम्पो चालवायला लागली. गिऱ्हाइकाची म्हैस त्याच्या दारात नेऊन सोडायची. ती इतकी अलगद गाडी न्यायची की म्हैस रवंथ करत उभी राहायची. त्या दिवशी मागं वाकडी गावचे शेतकरी कानिफनाथ यांनी घेतलेली म्हैस होती, आणि तिच्याजवळ दोरी धरून खुद्द कानिफनाथ. घाटाच्या उतारावर फरहीनचा फोन वाजला. फरहीननं गाडी बाजूला घेतली. शेजारी बसलेल्या लालूभाईंनी फोन घ्यायला बोट लावलं ते नेमकं स्पीकरवर.

पलीकडं एका छोट्या कंपनीच्या बाई होत्या. त्यांच्याकडं पंख्याची विमानं होती, आणि ती चालवणारे एकेक करून मोठ्या विमानांवर निघून गेले होते. चालू रेटिंग असलेलं माणूस त्यांना लगेच हवं होतं. पुढंमागं मोठ्या विमानाचं शिक्षणही कंपनीच्या खर्चानं करून देऊ, म्हणाल्या.

म्हैस मोठ्यानं हंबरली.

"मागं कसला आवाज येतोय?" बाईंनी विचारलं.

"म्हैस आहे, मॅडम," फरहीन म्हणाली. "माझ्या गाडीत आहे."

पलीकडून खुदकन हसू आलं. "बरं. कधी येऊ शकाल?"

"आत्ता निघती," लालूभाई फोनमध्ये तोंड घालून म्हणाले. "हितूनच निघती."

मागून कानिफनाथांनी केबिनची पत्र्याची भिंत वाजवली.

"लालूभाई," ते म्हणाले, "आधी माझी म्हैस उतरवा. मग कुठं उडायचं तिकडं उडा."