ट्रेलरच्या खिडकीचे गज

“अण्णा, ही खिडकी आहे की कोठडी?” मी इतक्या जोरात ओरडलो, की समोरच्या इमारतीतल्या तीन कुकरांनी शिट्ट्या आवरत्या घेतल्या. वर्षभराचे रविवार जाळून मी गाडीमागे ओढायचा, झोपण्यापुरता ट्रेलर आमच्या इमारतीखालीच बांधत होतो. कशासाठी? तर जंगलात आडवं पडून आभाळ बघायला. आणि आमच्या वेल्डर अण्णांनी त्याच्या एकुलत्या एका खिडकीला हत्ती अडेल असे गज लावले होते.

आपल्याला खोडच आहे ही. सातव्या मजल्यावरही गज. उद्या चंद्रावर घर घेतलं तरी पहिला फोन ग्रिलवाल्यालाच जाईल. घरी वीस वर्षं मला तो चंद्र खोबऱ्याच्या वड्यांसारखा तुकड्यातुकड्यांनीच मिळतोय. आता रानातही तेच? तिथे चोरी करायला कोण येणार, सांबर?

अण्णांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. “वहिनींनी सांगितलं होतं.”

तीन जिने धाडधाड चढून मी बायकोला जाब विचारला. तिने कणकेतून मानही वर केली नाही.

“मग टॉवेल कुठे वाळत घालणार होतात?”